अमीनची काच

मार्च लागला की माझा कुणावरच विश्वास राहत नाही. तसा तो एरवीही बेताचाच. दूध बोटावर घेऊन बघितल्याशिवाय मी पातेलं पुढं करत नाही, गॅस बंद केलाय हे तीनदा बघते, आणि डॉक्टर 'काळजीचं काही नाही' म्हणाले की मला काळजी सुरू होते. पण मार्चची गोष्ट वेगळी. खालचा कडुनिंब मोहरतो, त्याचा गोडसर कडू वास गॅलरीतून आत येतो, गच्चीवर शेजारची पोरं येरझाऱ्या घालत पाठांतर करतात, आणि साठ वर्षांपूर्वीची परीक्षा पुन्हा माझ्या दाराशी येते. नातू म्हणतो, "आजी, परीक्षा त्यांची आहे, तू का घाबरतेस?" मी म्हणते, मी घाबरत नाही, मला संशय येतोय. कसला, ते आजवर सांगितलं नव्हतं.

यंदाच्या मार्चमध्ये मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. बाकावर माझ्या आधी दोघं होते. तपासणारी मुलगी एकेकाला खुर्चीत बसवून समोरच्या पडद्यावरची अक्षरं वाचायला लावत होती. चुणचुणीत पोर, बोलण्यावरून आमच्याच भागातली वाटली. विचारलं तर निघाली हर्सूलची, माझ्याच गावची. मी माझ्या स्वभावाप्रमाणं तिला लेन्सबद्दल खोदून खोदून विचारायला लागले. कुठली? कोण बनवतं? टिकते कशावरून? ती हसली आणि म्हणाली, "आजी, लई शंका घेताव तुमी. आमच्याकडं काय अमीनची काच नसती."

ती पुढं काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही.

हर्सूलमध्ये ही म्हण आहे. दिसायला चकचकीत, आतून फसवी वस्तू म्हणजे अमीनची काच. जावई वाया गेला तर अमीनची काच, बियाणं उगवलं नाही तर अमीनची काच. मुलीला विचारलं, "अमीन कोण गं?" ती म्हणाली, "कोण जाणे. म्हणत्यात आपलं." बरोबरच आहे. तो कोण होता हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, आणि ती म्हण जन्माला आली तेव्हा मी तिथं उभी होते.

त्या मोसमाचं मला काय काय आठवतं? हर्सूलच्या तलावाचं पाणी मागं सरून उघडा पडलेला, भेगाळलेला गाळ. तुरुंगाच्या भिंतीपलीकडून पडणारे तासाचे टोल. आमच्या घरी घड्याळ नव्हतं, मी कैद्यांच्या घंटेवर अभ्यास करायची. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याचा वास. आणि दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायकलच्या कॅरिअरला टोचणारी लोखंडी पट्टी. रोज सकाळी दादा मला त्या कॅरिअरवर बसवून दिल्ली दरवाज्यातून शहरात कॉलेजला सोडायचे आणि मग शेताकडं परतायचे. कुणब्याची पोर बी. ए.ला, तेही तत्त्वज्ञान घेऊन! भावकी हसायची. दादांनी भावकीसमोर जाहीर करून टाकलं होतं, "शिकू द्या. नापास झाली, नायतर वाचून डोळे बिघडले, तर त्या दिवशी कॉलेज बंद. लगीन लावून मोकळा." दादांचा शब्द म्हणजे शब्द. तो मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे राहिले आणि माझ्या पुस्तकातल्या अक्षरांना सावल्या यायला लागल्या. प्रत्येक अक्षरामागं त्याचं एक भूत. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी आईनंच ओळखलं आणि दादांना म्हणाली, "पोरीला चष्म्याचं बघा." दादांनी आधी माझ्या पुस्तकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

त्या वर्षीचा आमचा मुख्य पेपर म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या संशयी माणसांची जंत्रीच होती. एक फ्रेंच गृहस्थ शेगडीपाशी बसला आणि त्यानं ठरवलं की ज्यावर शंका घेता येते ते सगळं आधी खोटं धरायचं; डोळ्यांना दिसतं तेसुद्धा. एक इंग्रज म्हणाला, माणसाच्या मनात खोट्या समजुतींच्या मूर्ती बसलेल्या असतात, कुळाच्या, बाजाराच्या, आपापल्या गुहेतल्या. त्या हलवल्याशिवाय खरं दिसत नाही. थंडीत मांस टिकतं का हे बघायला त्यानं कोंबडीत बर्फ भरला आणि त्याच गारठ्यानं तो गेला, असं सर सांगायचे. (मी सरांना पुरावा मागितला होता. ते म्हणाले, "तू पास होणार.") इटलीतल्या एकानं नळीला काचा बसवून गुरूचे चंद्र पाहिले आणि पंडितांना म्हणाला, या, बघा. काही पंडितांनी नळीला डोळा लावायलाच नकार दिला. पोथीत नाही ते नळीत कुठून येणार? आणि हॉलंडमधला एक जण, ज्याला त्याच्याच जमातीनं बाहेर काढलं होतं, तो पोटासाठी भिंगं घासायचा आणि उरल्या वेळात देवाचा विचार करायचा. तो तिकडं काच घासत होता तेव्हा आपल्या शहरात मोगलांचा सुभेदार बसलेला होता, हे सरांचं वाक्य मला फार आवडायचं. ती माणसं एकदम जवळची वाटायला लागायची.

सर म्हणायचे, "विज्ञान यंत्रातून आलं नाही. आधी माणसांनी पाठ केलेल्या उत्तरावर संशय घेतला, मग यंत्राला डोळा लावला." हे वाक्य मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि पाठ केलं.

चष्म्याचं दुकान सिटी चौकाच्या आतल्या गल्लीत होतं. अमीनचाचा, साठीचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी, पापण्यांवर काचेची भुकटी. पाय हलवून फिरवायच्या चाकावर ते काच घासायचे आणि मधेच खोकायचे. तपासायची त्यांची एक रीत होती. भिंतीवर खिळ्याला लाकडी पाटी टांगलेली, तिच्यावर त्यांनी स्वतः रंगवलेली देवनागरी अक्षरं, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. गिऱ्हाईक बाकावर रांगेनं बसायचं. एकेकानं समोर जाऊन खड्या आवाजात पाटी वाचायची. बाकीच्यांनी ऐकायची. माझ्या आधी तिघं होते.

पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

तिघांनी वाचलेली पाटी मी बसल्या बसल्या पाठ केली. ठरवून. दादा बाहेर सायकलपाशी उभे होते. नंबर मोठा निघाला तर डोळे बिघडले, आणि डोळे बिघडले तर कॉलेज बंद. इतकंच गणित. शेवटची ओळ होती, ल, ध, ण, ब, फ. चाचांनी माझ्या नाकावर तपासायची जाड चौकट ठेवली, काच घातली, काढली, दुसरी घातली. मला शेवटच्या ओळीत नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मी घडाघडा म्हटलं, "ल, ध, ण, ब, फ." चाचा खूश झाले. "माशाल्ला, आँखां तो अच्छे हैं. हलका नंबर देतूं."

काच घासता घासता त्यांनी विचारलं, "क्या पढ़रे बेटा?"

"तत्त्वज्ञान. फलसफा."

"उसमें क्या सिखाते?"

मी ऐटीत म्हणाले, "शक कसा करायचा ते शिकवतात."

ते इतके हसले की खोकला लागला. "शक करनेकू कालेज कायकू? वो तो बिना पढ़े सबकू आता. जाँचना नै आता लोगांकू." मग त्यांनी तयार काच चिमटीत धरली, खिडकीच्या गजासमोर नेली आणि हळूहळू डावीउजवीकडं हलवली. काचेतून दिसणारा गज बाहेरच्या गजापासून किती सरकतो आणि त्यावरून नंबर कसा कळतो ते मला दाखवलं. "काच झूट नै बोलती. उसकू पूछना पड़ता."

त्या हॉलंडवाल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. भिंगं घासताना काचेची धूळ त्याच्या छातीत गेली असं म्हणतात, हेही सांगितलं. चाचांनी चाक थांबवलं. "हौ, जाती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा चाक सुरू केलं.

चष्मा लागला. सावल्या तशाच राहिल्या. आठ दिवसांत ठणका वाढला, आणि एका संध्याकाळी मी वही भिंतीवर फेकून रडले. दादांनी चष्मा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "फसवलं त्या मियाँनं. काच खोटी हाय."

मी तिथंच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण परीक्षा चार दिवसांवर होती, आणि दादांच्या तोंडून निघालेलं ते वाक्य मला इतकं सोयीचं वाटलं की मी डोळे पुसले. दादांचा राग नुसता चष्म्याचा नव्हता, हेही मला कळत होतं. रझाकारांच्या दिवसांत माझ्या थोरल्या चुलत्यांचा हात कायमचा अधू झाला होता. पोलीस ॲक्शननंतर अमीनचाचांचा धाकटा भाऊ एका गावाला गेला तो परत आला नाही, हे मला पुढं कळलं. पंधरा-सोळा वर्षं उलटली होती, माणसं एकमेकांकडून चष्मे नि सुपाऱ्या घेत होती, दिवाळी-ईदला गोडही देत होती; पण काही बिघडलं की पहिला संशय कुणावर घ्यायचा हे दोन्हीकडं ठरलेलं होतं. त्यासाठी विचार करावा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवरूनच दादांनी सुरुवात केली. "मियाँ, पोरीचे डोळे घालवता का? खोटी काच मारली!" गल्लीतले दुकानदार बाहेर आले. त्यांत बाजारला आलेले हर्सूलचे दोघंही होते. चाचा उठले. घाबरले नाहीत. चष्मा घेऊन खिडकीच्या गजासमोर धरला आणि म्हणाले, "पाटील, आप खुद देखो. ये काच, ये गज. जो लिख्या सो ही नंबर है."

दादा म्हणाले, "मी नाय बघत. बघायचं काय त्यात?"

नळीला डोळा लावायला नकार देणारे पंडित मी त्याच आठवड्यात पाठ केले होते. ते इटलीत होते असं मला वाटत होतं.

चाचांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग दादांना म्हणाले, "बच्चीकू बिठाओ एक बार." दादा पाठ फिरवून पायरीवर बसले, तोंड रस्त्याकडं. मी खुर्चीत बसले. चाचांनी भिंतीवरची पाटी खिळ्यावरून काढली आणि उलटी करून टांगली. मागच्या बाजूला उर्दू होतं.

"मला उर्दू येत नाही," मी म्हणाले.

"अच्छा है," ते म्हणाले. "पढ़ना नक्को. नुक्ते गिनो. ये हरफ पे कितने नुक्ते? ऊपर कि नीचे?"

मी डोळे ताणले. नुक्ते म्हणजे अक्षरावरची टिंबं; इथं पाठांतर नव्हतं. समोर एक काळी वेलांटी होती आणि तिच्याभोवती काहीतरी मुंगीएवढं हलत होतं. "दोन," मी म्हणाले. "खाली."

चाचांनी दुसऱ्या अक्षरावर काडी ठेवली. मी तेही चुकले. तिसरं चुकले. मग त्यांनी काडी पुन्हा पहिल्या अक्षरावर आणली, चौकटीत एक वेगळी काच घातली आणि ती बोटानं हळूहळू फिरवायला लागले. फिरवता फिरवता एके ठिकाणी सगळं थांबलं. तीन टिंबं, वर, एकमेकांपासून सुटी. मी आयुष्यात इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं. मला वाचता न येणारं ते अक्षर मी अजून काढून दाखवू शकते.

त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. आता ते दादांना हाक मारतील, पोरीनं पाटी पाठ केली म्हणतील, आणि माझं सगळं संपेल, म्हणून मी मांडीवरचा पदर मुठीत धरून बसले. चाचा दाराशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटील, माफ करना. गलती मेरी है. दूसरी काच देतूं."

दादा उठले. हर्सूलच्या दोघांकडं वळून म्हणाले, "बगा! म्हणलं नव्हतं?"

नवा चष्मा मी दुसऱ्या दिवशी एकटीच आणायला गेले. चाचा म्हणाले, "काच सही थी बेटा. जाँच गलत थी. तीन जनों के बाद पाटी सबकू पाठ होती, मैं पहले दिनच पलटाना था. वो गलती मेरीच है." मी मान खाली घालून चष्मा घेतला. आभारसुद्धा मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

पेपरात प्रश्न आलाच: संशयाची पद्धत विशद करा. मी सहा पानं लिहिली. खिडकीबाहेरच्या निंबाचं पान न् पान मला वेगळं दिसत होतं. त्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले. पुढं एम. ए. झाले, तीस वर्षं पोरांना संशय घ्यायला शिकवलं. माझा तो तास गाजायचा म्हणतात.

आणि हर्सूलमध्ये म्हण तयार झाली. आधी लोक 'अमीनची काच' म्हणून हसायचे, मग त्या बाजूच्या गावांचं गिऱ्हाईक त्या गल्लीत जायचं बंद झालं. दुकान काही वर्षांनी दुसऱ्याच धंद्याचं झालं. मी एकदा त्यांच्या घरी जाऊन आले होते. चाचा खाटेवर होते, छातीत भाता वाजत होता. "प्रोफेसरनी आयी," म्हणाले. मी बोलणार होते. त्यांची सून चहा घेऊन आली आणि मी चहा प्यायले.

या सगळ्यात मी स्वतःला कशी सांभाळून घेत होते ते ऐका. मी संशय घेतला! कोण जाणे, काच खरंच चुकली असेल. त्यांनीच कबूल केलं होतं ना, चार माणसांत? आठवणीवर विश्वास ठेवू नये असं तर मीच वर्गात शिकवायची. फ्रेंच माणसाची अख्खी पद्धत मी माझ्या एका खोटेपणाच्या रक्षणासाठी उभी केली होती. सोयीचा संशय फार गोड असतो, कारण त्यात काहीच तपासावं लागत नाही.

दादा गेले तोही मार्चच होता. शेवटच्या आठवड्यात त्यांना वाचून दाखवायला मी पेपर घेऊन बसले होते. चष्मा पुसायला काढला. ते माझ्या हाताकडं बघत राहिले आणि म्हणाले, "शीनवर तीन नुक्ते आस्तेत."

मला कळलं नाही. "काय दादा?"

"तीन. वर. तू दोन म्हणलीस, खाली."

शीन म्हणजे उर्दूतला श. आणि दादा, निजामाच्या राज्यात शाळेत गेलेला माणूस. चौथीपर्यंत उर्दूतच शिकलेला. हे मला माहीत होतं. जमिनीचे जुने कागद तेच वाचायचे. पायरीवर ते रस्त्याकडं तोंड करून बसले आहेत असं मी साठ टक्के बघून आणि चाळीस टक्के मानून घेतलं होतं; त्यांनी वळून पाटी पाहिली हे मला कळलंच नव्हतं.

"मंग कळल्यावरही गल्लीत 'म्हणलं नव्हतं?' असं का बोललात?" माझा आवाज चढला.

"काय म्हणू? माझी पोरगी लबाड हाय म्हणू? भावकीत शब्द दिला व्हता. डोळ्याचं कळलं आसतं तर तुला घरी आणावं लागलं आसतं." मग म्हणाले, "त्यो मियाँ लई भला माणूस. माझ्याकडं बगितलं त्यानं माफी मागताना. त्यालाबी कळलं व्हतं, मला उर्दू येतं म्हणून."

म्हणजे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. गल्लीत एवढा आरडाओरडा झाला, एका माणसाचं नाव जन्मभरासाठी खराब झालं, आणि चाचांनी माफी मागितली तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही मनात त्याच्याबद्दल तिळभर संशय नव्हता.

दवाखान्यातली मुलगी हाक मारत होती. "आजी, बसा ना खुर्चीत. आता वाचा, खालची ओळ." पडदा समोर होता. माझ्या आधीच्या दोघांनी ती ओळ मोठ्यानं वाचली होती, आणि ऐंशीच्या घरात आले तरी माझं पाठांतर जात नाही. ओळ माझ्या जिभेवर तयार होती. पडद्यावर मला नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

"पोरी," मी म्हणाले, "अमीनची काच चांगली होती. फसवलं मी होतं. घरी जाऊन सांग, हर्सूलमध्ये."

ती बघतच राहिली. मग बिचारी पुन्हा म्हणाली, "बरं आजी. ओळ वाचताव का?"

"ही मला पाठ झालीय," मी म्हणाले. "दुसरी लाव."